तेहतिसाव्या वर्षी नर्सिंगला जावं का? कृषी केंद्रातल्या एका भावाला उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका भावाने विचारलं आहे. वय ३३, बारावी कला शाखेतून, इंग्रजी विषय घेऊन पास. बरीच वर्षं कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर काम. घरी वडिलांची चार एकर कोरडवाहू, दोन लेकरं, बायको गावातच आशा सेविका. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा झालेल्या दोन शेजाऱ्यांना घेऊन ते सरकारी दवाखान्यात गेले, रात्री तिथेच काढल्या, आणि तेव्हापासून नर्सिंगचं डोक्यात बसलं. आता मालक दुकान विकायला निघाला आहे. त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: या वयात प्रवेश मिळतो का, पुरुषाला यात नोकरी आहे का, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींसोबत वर्गात बसून आपल्याला झेपेल का.

मीसुद्धा तिशी ओलांडल्यावरच जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, बसलो. त्याआधी एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतो. पुढे कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग), मेडिसिन वॉर्ड, आयसीयू केलं, वॉर्डाचा इन्चार्ज झालो, आणि आता नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

भाऊ, आधी तारखांचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. तुम्हाला पुरुष म्हणून एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम, करता येत नाही, तो फक्त महिलांसाठी आहे. बीएस्सी नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, ते तुमच्याकडे नाही. राहतो जीएनएम, तीन वर्षांचा. त्याला विज्ञान शाखेला पसंती असली तरी कला शाखेचा विद्यार्थी चालतो. बारावीत आणि इंग्रजीत ४० टक्के लागतात. आणि वयाची मर्यादा भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमात १७ ते ३५ अशी आहे. म्हणजे ३३ व्या वर्षी दार उघडं आहे, पण "पुढच्या वर्षी कापूस चांगला झाला की बघू" असं दोनदा म्हणालात तर ते बंद होईल.

दुसरी तारीख लोक बघतच नाहीत, ती भरतीची. राज्य सरकारच्या सरळसेवा भरतीत कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३. यंदा प्रवेश घेतलात तर तुम्ही ३६ व्या वर्षी शेवटची परीक्षा द्याल, मग निकाल, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, यात आणखी काही महिने जातील. तुम्ही खुल्या प्रवर्गातले असाल तर तुमच्या हातात जेमतेम दीड वर्ष उरतं, आणि अधिपरिचारिकांची (स्टाफ नर्सची) जाहिरात दरवर्षी निघतेच असं नाही. मागास प्रवर्गातले असाल तर सहा-साडेसहा वर्षं मिळतात, त्यात दोन-तीन तरी जाहिराती यायची आशा धरता येते. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही, पण एकाच वयाच्या दोन माणसांचा निर्णय इथे वेगळा होतो, हे ध्यानात घ्या.

नागपूरच्या एम्सची जाहिरात बघून खूप जण मला फोन करतात. एम्सची भरती नॉर्सेट परीक्षेतून होते आणि तिथे वयाची मर्यादा ३० आहे. इतर मागासवर्गाला ३ वर्षं, अनुसूचित जाती-जमातीला ५ वर्षं सवलत. शिवाय जीएनएमवाल्याला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. त्यात ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना. तुमच्यासाठी ती वाट बंद आहे, तिच्या कोचिंगला एक रुपयाही देऊ नका. कोचिंगवाले वय विचारत नाहीत, फी घेतात.

मग खुल्या प्रवर्गातल्या माणसाने जाऊच नये का? जावं, पण आपण खाजगी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात आयुष्य काढणार आहोत हे पक्कं धरून जावं. सरकारी नोकरी मिळाली तर वरचा लाभ समजावा. राज्यात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी मूळ ३५,४०० पासून सुरू होते, वर भत्ते. खाजगीत चित्र वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितल्यावर केंद्राने समिती नेमली. २०० च्या वर खाटा असतील तर पगार राज्य सरकारच्या बरोबरीने द्यावा, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २०,००० च्या खाली जाऊ नये, अशी शिफारस त्या समितीने केली. कागदावर हे आहे. तालुक्याच्या गावी बारा-पंधरा खाटांच्या दवाखान्यात हे मिळतं असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण मला तिथल्या माझ्या विद्यार्थ्यांचे पगार माहीत आहेत. पहिली दोन वर्षं मोठ्या रुग्णालयात आयसीयू, कॅज्युअल्टी किंवा डायलिसिस शिकून घ्या, मग तालुक्यात या. तेव्हा बोलणी तुमच्या बाजूने होतात.

पुरुषाला काम आहे का, याचं उत्तर मी वॉर्डातून देतो. कॅज्युअल्टी, अस्थिव्यंगोपचार, मनोविकार, आयसीयू, डायलिसिस, इथे ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, हवाच असतो. पण त्याहून महत्त्वाचं एक आहे, जे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. आपल्याकडचा सत्तरीचा बुढा माणूस लघवी अडली तरी नातीच्या वयाच्या सिस्टरला सांगत नाही. मेडिसिन वॉर्डात माझा हात धरून "बाबू, पोरीले पाठवू नको, तूच ये" म्हणणारे आजोबा मी कितीतरी पाहिले आहेत. कॅथेटर घालणं, हर्निया आणि हायड्रोसिलच्या ऑपरेशनआधीची तयारी, पक्षाघात झालेल्या माणसाची अंघोळ, पाठ पुसणं, कूस बदलणं, हे पुरुषाने केलं तर त्या रुग्णाची मान खाली जात नाही. बाईला बाई हवी असते हे सगळ्यांना कळतं. गड्यालाही गडी हवा असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

गावात लोक "बायकांचं काम" म्हणतील. त्यांना आपल्याच मुलखाचा इतिहास सांगा. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतल्या. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरेशास्त्रींना कुष्ठरोग होता, त्यांना मालीश गांधीजी स्वतः करत. अमरावतीला तपोवन उभं करणारे शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला आनंदवन वसवणारे बाबा आमटे, हे सगळे पुरुषच. ज्या प्रदेशात पुरुषांनी हाताने पू पुसला तिथे नर्सिंगला लाजायचं कारण नाही. हे मी टाळ्यांसाठी लिहीत नाही. पहिल्या वर्षी सायकलवर पांढरा ड्रेस घालून निघाल्यावर चौकातून आवाज येतो, तेव्हा मनाशी धरायला काहीतरी लागतं.

आता शाळेचं. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण मोठ्या वयाचा, घाईत असलेला, नियम माहीत नसलेला माणूस हाच ठकवायला सोपा असतो. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर "नर्सिंग" अशी पाटी असते, एका वर्षात सर्टिफिकेट, वयाची अट नाही, रोज यायचीही गरज नाही. त्या कागदावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल नोंदणी देत नाही. नोंदणी नाही म्हणजे तुम्ही नर्स नाही, कितीही चांगलं इंजेक्शन देता येत असलं तरी. जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. शाळेचं नाव मंडळाच्या, राज्य कौन्सिलच्या आणि भारतीय परिषदेच्या यादीत त्याच वर्षासाठी आहे का ते स्वतः बघा, संस्थाचालकाने भिंतीवर लावलेला फोटो बघू नका. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला आहे, त्यामुळे पुढे नियम बदलू शकतात. प्रवेश घ्याल त्या वर्षीची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. पुरुषांच्या जागा किती, वसतिगृह आहे का, हेही त्यात शोधा. बऱ्याच शाळांत मुलांचं वसतिगृह नसतंच, खोली भाड्याने घ्यावी लागते.

शाळा बघायला गेलात की प्राचार्यांच्या केबिनमध्ये कमी आणि त्या शाळेचे विद्यार्थी ज्या रुग्णालयात पोस्टिंगला जातात तिथे जास्त वेळ थांबा. वॉर्डात रुग्ण आहेत का? विद्यार्थ्यांसोबत ट्यूटर उभी आहे का, की मुलं नुसतीच फाइल घेऊन बसली आहेत? बाळंतपणं किती होतात? तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना बाहेर चहाच्या टपरीवर गाठून विचारा, ते खरं सांगतात. फीचा आकडा विचाराल तेव्हा गणवेश, परीक्षा फी, क्लिनिकलचा बसखर्च, मेस, लॉगबुकं (केलेल्या कामाच्या नोंदवह्या), सगळं धरून तीन वर्षांचं लेखी मागा. मूळ कागद दिलात तर पोच घ्या. मूळ कागद अडकवून ठेवल्यामुळे शाळा सोडता न आलेली मुलं मी पाहिली आहेत.

पैशाच्या जोडीला वेळ. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत ८० टक्के हजेरी लागते, आणि डिप्लोमा हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलचे तास १०० टक्के भरावे लागतात. म्हणजे पेरणीला पंधरा दिवस, वेचणीला महिनाभर सुटी, असं चालत नाही. चुकलेली पोस्टिंग नंतर भरून द्यावीच लागते, आणि ती भरताना वर्गातले पुढे निघून गेलेले असतात. चार एकर तीन वर्षांसाठी ठोक्याने किंवा बटईने द्यायची मनाची तयारी आहे का, हे वडिलांशी आधी बोला. माझ्या अनुभवात तिशीपुढचे विद्यार्थी नापास होऊन गळत नाहीत, शेत आणि वॉर्ड एकदम धरायला जाऊन गळतात. अर्धवेळ काम करायचंच असेल तर दुकानाचा हिशोब, औषधांच्या दुकानात संध्याकाळचे दोन तास, इतपत. रात्री एखाद्या दवाखान्यात ड्युटी करून सकाळी वर्गात बसणारे डुलक्या घेतात, आणि नोंदणी नसताना तिथे इंजेक्शनं देणं बेकायदेशीर आहे ते वेगळंच.

अभ्यास झेपेल का? पहिल्या वर्षी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, मानसशास्त्र, समाजशास्त्र, नर्सिंग फाउंडेशन, कम्युनिटी हेल्थ आणि इंग्रजी. दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकल, मानसिक आरोग्य, बालरोग. तिसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्र आणि पुन्हा कम्युनिटी. पास व्हायला ५० टक्के. पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि पहिले चार-पाच महिने सगळ्यांनाच जड जातात, विज्ञानवाल्या मुलींनाही.

पण तुम्ही लिहिलंय, "इंग्रजी येत नाही." भाऊ, तुम्ही रोज काउंटरवर "प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रीन ४ टक्के ईसी" वाचून गिऱ्हाइकाला समजावून सांगता. "इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी" तुम्हाला अडत नाही. ज्याला हे वाचता येतं त्याला सेफ्ट्रियाक्झोनसारखं अँटिबायोटिकचं नाव वाचता येतं. शब्द फोडून पाठ करा: शेवटी "आयटिस" आलं की दाह, सुरुवातीला "हेपॅट" आलं की यकृत, "नेफ्र" आलं की मूत्रपिंड. असे शंभरेक तुकडे पाठ झाले की पुस्तकाचं पान उलगडायला लागतं. निबंधाचं इंग्रजी हळूहळू येईल. नाहीच आलं तरी रुग्णाची नोंद लिहायला छोटी, सरळ वाक्यं पुरतात.

गणिताचंही तसंच. पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली, एकराला किती पंप, हे तुम्ही तोंडी सांगता. वॉर्डातलं गणित याच जातीचं आहे. डॉक्टरांनी लिहिलं, ५०० मिली सलाईन सहा तासांत. सेट एका मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले ३६० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २८ थेंब. एक ग्रॅमची व्हायल (औषधाची कुपी) १० मिलीमध्ये विरघळवली आणि ऑर्डर ७५० मिलिग्रॅमची आहे, तर साडेसात मिली. विशीतल्या हुशार मुलांचा इथे हात थरथरतो, कारण त्यांनी चुकीच्या मापाचा परिणाम कधी पाहिलेला नसतो. तुम्ही जळालेलं शेत पाहिलं आहे.

यावर मी मुद्दाम थांबतो, कारण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: "आजवर जे केलं ते सगळं सोडून नव्याने सुरुवात करावी लागेल." सोडू नका. सोबत आणा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत फवारणीतून आलेला माणूस बघा. नातेवाईक सांगतात, "औषध मारलं." कुठलं औषध, माहीत नाही. डॉक्टर विचारतात, डबा आणला का? आणलेला नसतो. आता ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडाला फेस, घाम, छातीत घरघर, नाडी मंद, आणि ॲट्रोपिन हा उतारा द्यावा लागतो. पण शेतात मारलं जाणारं प्रत्येक कीटकनाशक ऑर्गॅनोफॉस्फेट नसतं. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस हे आहेत. डायफेंथियुरॉन नाही, सायपरमेथ्रीन नाही. आणि २०१७ ला यवतमाळात जे आले त्यांतल्या अनेकांनी दोन-तीन औषधं एकत्र केलेली होती. त्या वेळी कॉटच्या बाजूला असा एक ब्रदर उभा असेल, ज्याला या मोसमात कपाशीवर कोणती अळी आहे, दुकानदार तिच्यावर काय देतात, डब्यावरचा लाल त्रिकोण आणि पिवळा त्रिकोण यांत काय फरक, हे सगळं ठाऊक आहे, आणि जो नातेवाइकाला वऱ्हाडीत विचारू शकतो, "काऊन बापू, डबा कोन्या रंगाचा होता? त्यात अजून काय मिसळवलं होतं?" तर डॉक्टरांची कितीतरी मिनिटं वाचतात. हे ज्ञान कुठल्या नर्सिंग शाळेत मिळत नाही. तुमच्याकडे आहे.

त्यात नर्सिंगची भर घालायची. कपडे काढून साबणाने अंग धुणं, केस आणि नखांखालचंही, आपण हातमोजे घालूनच. ॲट्रोपिन चालू असताना दर काही मिनिटांनी बाहुल्या, नाडी, रक्तदाब, छातीचा आवाज आणि काखेतला घाम तपासणं. काख कोरडी झाली, छाती साफ झाली, नाडी वर आली की डॉक्टरांना कळवणं. उलट ताप चढला, बरळायला लागला, पोट गप्प झालं, लघवी अडली, तर ॲट्रोपिन जास्त होतंय हे ओळखणं. डॉक्टर एक आणि रुग्ण तीस, ही आपल्या दवाखान्यांची रात्र असते. त्या रात्री हे बघणारा माणूस नर्सच असतो.

सर्पदंशाचंही तेच. मण्यार चावलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो, चाव्याची खूण सापडत नाही, जमिनीवर झोपला होता एवढंच घरचे सांगतात. पापण्या जड झाल्यात हे ज्याच्या लक्षात आलं त्याने जीव वाचवला. घोणसाची शंका असेल तर दोन मिली ताजं रक्त कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घालून २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग कलती करून गोठलंय का बघायचं. साधी गोष्ट, पण प्लास्टिकची नळी घेतली किंवा साबणाने धुतलेली घेतली की निकाल फसवा येतो. शेतात राहिलेल्या माणसाला साप, वेळ, जागा, पीक यांचा अंदाज असतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण तर तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटेल, आपल्या भागात हा आजार खूप आहे. हाडं फुटल्यासारखी दुखतात आणि बाहेरून काही दिसत नाही, म्हणून लोकांना तो नाटक वाटतो. त्याच्या वेदनेवर विश्वास ठेवणं, त्याला ऊब आणि पाणी देणं, वेदनाशामक वेळेवर देणं, हे पहिलं नर्सिंग.

वर्गाचं आता थोडक्यात. मुली तुम्हाला आधी काका म्हणतील, मग दादा. दादा झालात की प्रश्न मिटला. ट्यूटर तुमच्याहून लहान असेल, तिला मॅडमच म्हणायचं, आणि तिने सगळ्यांसमोर बेडमेकिंग पुन्हा करायला लावलं तर करायचं. दुकानात दहा माणसं तुम्हाला विचारून औषध घेत होती, इथे चादरीचा कोपरा चुकला म्हणून ऐकून घ्यावं लागेल. यात ज्याला अपमान दिसतो तो टिकत नाही. मोबाइलवर वर्गातल्या मुलींशी बोलताना वेळ आणि भाषा जपा, विनाकारण खाजगी मेसेज नको. पोस्टिंगला जाताना मुलींना तुमचा आधार वाटला पाहिजे.

प्रसूती विभागाची तुम्हाला भीती वाटते असं लिहिलंय. विषय पुरुष विद्यार्थ्यांनाही आहे, टळत नाही, आणि टाळूही नये. काही ठिकाणी लेबर रूममध्ये मुलांना मागे उभं करतात, मग लॉगबुक भरायला अडचण येते. तेव्हा भांडू नका, इन्चार्ज सिस्टरकडे जाऊन वेळ मागा. नियम साधे ठेवा. त्या बाईला आणि तिच्यासोबतच्या बाईला आपलं नाव, आपण शिकाऊ आहोत हे सांगायचं. परवानगी मागायची. ती नाही म्हणाली तर बाहेर यायचं, तोंड वाकडं न करता. सिस्टर सोबत असल्याशिवाय तपासणीला हात लावायचा नाही. लावण्याआधी काय करणार ते सांगायचं, पडदा ओढायचा, जेवढं उघडं करणं गरजेचं तेवढंच करायचं. दोन लेकरांच्या बापाला कळा म्हणजे काय हे बाहेर येरझारा घालून माहीत असतं, आणि सासूबाईंशी बोलायला वय कामाला येतं. मी पाहिलंय, एकदा विश्वास बसला की "त्या दादाले बोलाव" म्हणून हाक येते.

शरीराचं एक खरं सांगतो. वीस वर्षांचा पोरगा नाइट करून दुपारी क्रिकेट खेळतो. आपल्याला पस्तिशीत ते जमत नाही. नाइट संपली की घरी जाऊन खोली अंधारी करून झोपायचं, शेताकडे चक्कर नाही. रुग्ण उचलताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून वाकायचं आणि दुसऱ्याला हाक मारायची. तंबाखू, खर्रा असेल तर आत्ताच सोडा. रुग्णाला सोड म्हणणाऱ्याच्या तोंडाला वास येत असेल तर कोण ऐकेल?

तुमची बायको आशा आहे, हे तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंत. मला ती तुमच्या घरातली सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते. आशा बाळंतिणीच्या घरी जाऊन ४२ दिवसांपर्यंत बाळ बघतात, ती गृहभेटींची पद्धत आपल्याच गडचिरोलीत सर्च संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि पुढे देशभर गेली. बाळाचं वजन, ताप, श्वास मोजणं तिच्या हातात बसलेलं आहे. कम्युनिटीच्या पोस्टिंगआधी तिच्यासोबत चार घरं फिरा, ती शिक्षक आणि तुम्ही विद्यार्थी. मात्र आशांचा मोबदला कामावर असतो आणि दर महिन्याला वेळेवर पडेलच असं नाही, तेव्हा घर फक्त त्याच्यावर चालेल असं धरू नका. तीन वर्षांचा किराणा, लेकरांची शाळा, वडिलांची औषधं, तुमची खोली आणि बसभाडं, दोघांनी वहीत मांडा. त्याला कमी पडणारी रक्कम कुठून येणार हे ठरल्याशिवाय फी भरू नका. सावकाराकडून काढून तर मुळीच नाही.

कागदांपैकी जात वैधता प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो, मागास प्रवर्गातले असाल आणि ते नसेल तर त्याचा अर्ज आधी करा. इतर मागासवर्ग किंवा भटक्या-विमुक्तांपैकी असाल तर नॉन-क्रिमीलेअर लागेल, पुढे भरतीत वयाची सवलत मागतानाही लागेल. उत्पन्नाचा दाखला महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्तीसाठी. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. अधिवास, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला. बारावीनंतरच्या इतक्या वर्षांच्या खंडासाठी शपथपत्र करावं लागेल, त्यात दुकानातलं काम खरं लिहा आणि मालकाकडून तसं अनुभवपत्र घेऊन जोडा. आणि हिपॅटायटिस-बीची लस. तीन डोस असतात, पहिला, मग एका महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. वॉर्डात सुईला हात लावायच्या आधी निदान दोन झालेले असू द्या.